दुपारच्या हवेतला ओझोन
(प्रस्तावना)

दरवर्षी १६ सप्टेंबरला शाळाशाळांत ओझोन दिन साजरा होतो. फळ्यावर पृथ्वी काढली जाते, तिच्यावर निळी छत्री धरली जाते, छत्रीला पडलेलं भोक दाखवलं जातं आणि 'ओझोन वाचवा' असं लिहिलेले फलक घेऊन मुलं गावातून फेरी काढतात. यात चुकीचं काही नाही. १९८७ चा मॉन्ट्रियल करार हा जगातल्या सरकारांनी वेळेवर दाखवलेल्या शहाणपणाचा दुर्मीळ नमुना आहे आणि त्याची आठवण ठेवायलाच हवी. पण त्या चित्रातला ओझोन जमिनीपासून पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर असतो. तोच वायू आपल्या नाकासमोर, सोयाबीनच्या पानाशी आणि गोठ्याच्या दाराशीही असतो, आणि तिथला ओझोन वाचवायचा नसतो. तो जितका कमी तितकं बरं. हे सांगितलं की मुलं दोन मिनिटं गोंधळतात आणि मग प्रश्न विचारतात. मोठी माणसं गोंधळतात आणि विषय बदलतात.

या पुस्तकाचा विषय हा खालचा ओझोन आहे. त्यातही शहरातला नव्हे, शेतीच्या मुलखातला. आणि मुलूख म्हणून डोळ्यांसमोर धरली आहे गारगोटी. भुदरगड तालुक्याचं हे ठिकाण, वेदगंगेच्या काठचं. पश्चिमेला सह्याद्री आणि पाटगावचं धरण, खाली उतरावं तसा ऊस, वर चढावं तसा भात, नाचणी आणि जंगल. नोकरी संपवून मुंबईहून गावी परतलेल्या माणसाचं इथं आल्यावर पहिलं वाक्य हवेबद्दलच असतं. "हवा बघा कशी आहे!" धूळ आणि काजळी यांच्यापुरतं ते वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. ओझोनच्या बाबतीत मात्र हिशोब उलटा पडू शकतो. भर शहरातल्या चौकापेक्षा शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या शेतात दुपारचा ओझोन जास्त असणं ही जगभर अनेक ठिकाणी दिसलेली गोष्ट आहे. ती का घडते हे नीट समजलं की पुढचं सगळं पुस्तक सोपं होतं, म्हणून प्रस्तावनेत मी त्यावरच रेंगाळणार आहे.

सुरुवात अशी करू. धुराला धनी असतो. चिमणी दाखवता येते, सायलेन्सर दाखवता येतो, पेटलेलं रान दाखवता येतं. ओझोनला असा धनी नाही. तो कुणी सोडत नाही. तो हवेत तयार होतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, नायट्रोजनचे ऑक्साइड. जिथं जिथं काही तापून जळतं, म्हणजे डिझेलच्या इंजिनात, बॉयलरमध्ये, भट्टीत, तिथून ते निघतात. शिवाय मातीतून निघतात, त्याबद्दल पुढं. दुसरी, हवेत सहज उडून जाणारी सेंद्रिय द्रव्यं. पेट्रोलची वाफ, रंगातलं थिनर, धुरातली डोळ्यांना झोंबणारी द्रव्यं, झाडांच्या पानांतून निघणारे वायू, हे सगळं त्यात आलं. तिसरी गोष्ट ऊन. नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू भर दुपारच्या उन्हात काही मिनिटांत फुटतो, त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा एकटा अणू हवेतल्या साध्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. मागं उरलेला नायट्रिक ऑक्साइड पुन्हा ओझोन खातो आणि होता तसा होतो. एवढंच चाललं असतं तर जमाखर्च बरोबरीत सुटला असता. पण सेंद्रिय द्रव्यं मधे पडतात, नायट्रिक ऑक्साइडला ओझोन न खाताच परत डायऑक्साइड करून देतात आणि ओझोन साचत जातो. म्हणून तो सकाळी कमी, दुपारी दोन-तीनच्या सुमारास सर्वांत जास्त आणि रात्री पुन्हा कमी असतो.

आता कोल्हापूरच्या एखाद्या गजबजलेल्या चौकाचा विचार करा. गाड्यांतून ताजा नायट्रिक ऑक्साइड इतका सुटत असतो की ओझोन तयार होताच खाल्ला जातो. चौकात धूर भरपूर, ओझोन मात्र त्या मानानं कमी. मग वारा ती हवा उचलतो. जाताजाता नायट्रिक ऑक्साइड संपतो, कच्चा माल मुरतो, ऊन चढत जातं आणि ओझोनचं उत्पादन शहराबाहेर जोर धरतं. हिवाळ्यात दख्खनच्या पठारावरचा वारा मुख्यतः पूर्वेकडून आणि ईशान्येकडून असतो. कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची औद्योगिक वसाहत आणि पुणे-बंगळूर महामार्ग, हे सगळं गारगोटीच्या उत्तरेला आणि ईशान्येला. हवाई अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. ताशी दहा किलोमीटरनं वाहणारा मंद वारा धरला तर सकाळी साडेनऊच्या गर्दीतली हवा दुपारी दोनच्या सुमारास वेदगंगेच्या खोऱ्यात पोचते. म्हणजे नेमकी ओझोन पिकायच्या वेळेला. वाऱ्याची दिशा रोज अशी सरळ नसते हे खरं. पण दिशा असते तेव्हा अंतर आड येत नाही, उलट अंतरच घात करतं.

गावाकडचा माणूस इथपर्यंत ऐकतो आणि समाधानानं मान हलवतो. म्हणजे चूक शहराची. बरीचशी आहेच. पण पुस्तक इथंच संपवता आलं असतं तर ते लिहायची गरज नव्हती.

कारण एक गोष्ट अशी आहे की जी या विषयात सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी आहे. शहरात नायट्रोजन ऑक्साइडांची चंगळ असते. गावात त्यांचीच टंचाई असते. इथं झाडझाडोरा भरपूर, म्हणजे सेंद्रिय द्रव्यं भरपूर; ऊन भरपूर; अडलेलं असतं ते फक्त नायट्रोजन ऑक्साइडांवाचून. अशा हवेत त्यांचा थोडासा पुरवठा झाला तरी प्रत्येक रेणू कितीतरी वेळा वापरला जातो आणि शहरातल्यापेक्षा जास्त ओझोन देऊन जातो. त्यामुळे 'आमच्याकडे गाड्याच किती?' हा युक्तिवाद लंगडा पडतो. गाड्या थोड्या असोत, प्रत्येकीचा वाटा इथं वजनदार असतो. हेच शेतातल्या आगीला लागू, आणि हेच युरियाला.

युरियाचं नाव या यादीत पाहून अनेकांच्या भुवया उंचावतील, म्हणून त्याच्याकडे जरा सविस्तर पाहू. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. पूर्वहंगामीला ३४०, सुरूला २५०. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे पावणेएकवीस किलोच्या जवळपास. आडसालीचं सगळं नत्र युरियातूनच द्यायचं ठरवलं तर एकरी पावणेआठ पोती होतात. प्रत्यक्षात मिश्र खतं असतात, शेणखत असतं, आणि शिफारशीपेक्षा दोन पोती जास्त टाकणारेही असतात. शेजारच्यानं टाकली म्हणून. हे नत्र मातीत पडलं की आधी अमोनियम होतं, मग जिवाणू त्याचं नायट्राइट आणि नायट्रेट करतात. ही साखळी पूर्ण बंदिस्त नसते. मातीचे अभ्यासक तिला भोकं पडलेल्या पाइपची उपमा देतात: नत्र पाइपातून पुढं सरकत असतं आणि वाटेतल्या भोकांतून थोडा नायट्रिक ऑक्साइड, थोडा नायट्रस ऑक्साइड गळत राहतो. पाइपात जितकं जास्त कोंबाल तितकी गळती जास्त. नायट्रिक ऑक्साइडची गळती टाकलेल्या नत्राच्या साधारण अर्धा ते एक टक्का धरतात. आकडा किरकोळ वाटतो. हेक्टरी दोन ते चार किलो. पण गुणाकार एका शेताचा नाही, नदीच्या दोन्ही अंगांनी पसरलेल्या सगळ्या हिरव्या पट्ट्याचा करायचा असतो.

ही गळती वर्षभर सारखी नसते. ती सर्वांत जोरात कधी होते हे पाहायचं असेल तर वळवाच्या पहिल्या पावसाची दुपार घ्या. एप्रिल किंवा मे. खोडव्याची भरणी झालेली, खत पडलेलं, जमीन तापून भेगाळलेली. चारच्या सुमाराला ढग येतात, टपोरे थेंब पडतात, अर्ध्या तासात सगळं आटोपतं. मातीचा वास सुटतो, त्यावर आजवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. त्याच वेळी कोरड्या मातीत महिनोन्‌महिने निपचित पडलेले जिवाणू पाणी मिळताच जागे होतात, साचलेल्या नत्रावर तुटून पडतात आणि नायट्रिक ऑक्साइडचा एक मोठा झोत जमिनीतून वर येतो. त्याला वास नसतो. हा झोत काही तासांत उसळतो आणि दिवस-दोन दिवस टिकतो. आणि दुसऱ्या दिवशी वळवानंतरचं ते पांढरं, धुतलेलं, कडक ऊन पडतं. ओझोनला याहून सोयीचं काही नको. कोरड्या रानाला मोठ्या खंडानंतर पाटपाणी सोडलं तरी लहान प्रमाणावर हेच घडतं.

मातीचा हा वाटा नक्की किती, यावर जगात एकमत नाही. कॅलिफोर्नियातल्या काही शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये असं मांडलं की त्या राज्यातल्या एकूण नायट्रोजन ऑक्साइडांपैकी २० ते ३२ टक्के शेतजमिनीतून येतात. त्यावर वाद पेटला. इतरांचे अंदाज त्याच्या कितीतरी खाली आहेत. माझं मत विचाराल तर भांडण टक्क्यांचं आहे, दिशेचं नाही. पिकाच्या तोंडी न लागलेलं खत शेतकऱ्याच्या खिशातून गेलेलंच असतं. ते विहिरीत गेलं, ओढ्यात गेलं की हवेत गेलं, एवढाच प्रश्न उरतो.

आता आग. पंजाबातल्या पराळीचा धूर दिल्लीला पोचतो म्हणून त्याची बातमी होते. आमच्या उसाच्या पाचटाचा धूर कुठल्याही राजधानीला पोचत नाही. बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतो आणि मार्चच्या सुमारास आटोपतो. तेवढे महिने या खोऱ्यात संध्याकाळी कुठं ना कुठं फड पेटलेला दिसतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. ते पेटवलं की पहिल्या भडक्यात नायट्रोजन ऑक्साइड निघतात आणि नंतर धुमसताना फॉर्माल्डिहाइडसारखी झोंबणारी, अतिशय चपळ सेंद्रिय द्रव्यं. ओझोनच्या कृतीतला दोन्ही प्रकारचा माल एकाच ठिकाणी, एकाच संध्याकाळी. दाट धुरात ऊनच शिरत नाही म्हणून तिथल्या तिथं ओझोन फारसा बनत नाही. धूर विरळ होऊन पुढं सरकला की दुसऱ्या दिवशी बनतो. ज्याच्या बांधावर आग लागते आणि ज्याच्या पिकाला ओझोन लागतो ते दोघे सहसा एकमेकांना ओळखतही नाहीत.

पाचटात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे हेक्टरी चाळीस-पन्नास किलो नत्र काडीच्या एका पेटीनं उडून जातं आणि पुढच्याच आठवड्यात तेवढ्याच नत्राची पोती सोसायटीतून उचलली जातात. हे गणित शेतकऱ्याला कळत नाही असं समजणारे शहरी लेखक मी बरेच वाचले. त्याला ते चांगलं कळतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला बांधावर उभं करून सुनावलं होतं, "सर, पाचट ठिवलं की उंदीर हुतंय, पाणी सरीतनं फुडं सरकत न्हाई आणि कुट्टीचं मशीन मागितलं की नंबर येतोय म्हैन्यानं. तवर खोडवा कोण फोडणार?" त्याच्या तिन्ही तक्रारी रास्त होत्या. पाचट एकाआड एक सरीत दाबणं, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकून पाणी देणं, बुडखे छाटणं हे सगळं जमतं आणि ज्यांनी तीन-चार वर्षं केलं ते सहसा मागं फिरत नाहीत. पण त्यासाठी फड रिकामा झाल्यावर आठवड्याभरात मजूर किंवा यंत्र हाताशी लागतं. पुस्तकातलं पाचटाचं प्रकरण म्हणूनच उपदेशाऐवजी यंत्रांच्या भाड्यापासून सुरू होतं.

आग फक्त उसाची नाही. डोंगराकडच्या गावांत भाताचा तरवा टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा, शेणी, कवळं रचून राब भाजतात. फेब्रुवारीपासून सड्यावरच्या गवताला वणवे लागतात, काही आपोआप, बरेचसे लावलेले. गुऱ्हाळाच्या चुलवाणात दिवसभर चिपाड ढकललं जातं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुऱ्हाळघरं मात्र वर्षागणिक कमी होत चालली आहेत, तेव्हा त्यांच्यावर फार शाई खर्च करणं मला अन्यायाचं वाटतं. नदीकाठच्या वीटभट्ट्या, कारखान्याच्या दारात इंजिन चालू ठेवून रांगेत थांबलेले ट्रॅक्टर, घरातली चूल, तणनाशक-कीटकनाशकातली उडून जाणारी द्रावकं, हे सगळे लहानमोठे वाटेकरी पुढच्या प्रकरणांत भेटतील.

दोन वाटेकऱ्यांबद्दल मात्र इथंच सांगायला हवं, कारण त्यांच्यावर चुकीचा आळ येण्याची भीती आहे.

एक म्हणजे झाडं. बांबू, नीलगिरी आणि जंगलातली इतर अनेक झाडं उन्हात आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात. तापमान चढेल तसा तो वाढतो आणि रात्री बंद होतो. जगभरच्या वनस्पती मिळून वर्षाला सुमारे पन्नास कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात, सगळ्या गाड्या आणि कारखाने मिळून सोडतात त्याहून जास्त सेंद्रिय द्रव्य. रोनाल्ड रेगन अध्यक्ष होण्याच्या सुमारास प्रदूषणाचं खापर झाडांवर फोडून बसले होते आणि त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल झाली होती. गंमत अशी की त्यांच्या बोलण्यात रसायनशास्त्राचा एक तुकडा खरा होता, निष्कर्ष मात्र साफ उलटा होता. १९८८ मध्ये अटलांटा शहराच्या अभ्यासातून विल्यम कमाइड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जिथं झाडांमुळे सेंद्रिय द्रव्यं मुबलक आहेत तिथं ओझोन कमी करायचा तर नायट्रोजन ऑक्साइडच रोखले पाहिजेत. पेट्रोलची वाफ अडवून फारसं साधत नाही. झाडं लाखो वर्षं आयसोप्रीन सोडत आली आहेत. आपण त्यात नायट्रोजन ऑक्साइड मिसळले. भुदरगडसारख्या जंगल लागून असलेल्या तालुक्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू पडतो.

दुसरी आमची गुरं. त्यांच्या रवंथातून निघणारा मिथेन फार सावकाश जळतो, त्यामुळे तो इथला ओझोन वाढवत नाही. पण साऱ्या पृथ्वीवरचा ओझोनचा पायाच उचलतो. भाताच्या तुंबलेल्या खाचरांचंही तसंच. मुरघासाची गोष्ट वेगळी. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात संशोधकांना आढळलं की आंबवलेल्या चाऱ्यातून निघणारा अल्कोहोल आणि त्याची भावंडं तिथल्या ओझोनला लक्षणीय हातभार लावतात. पण तिथं एकेका गोठ्यात हजारो गाई असतात. इथं दारात दोन म्हशी आणि एक जर्सी असलेल्या माणसानं ते वाचून दचकू नये. मुरघासाची पिशवी नीट बंद ठेवावी. तेवढ्यानं चाराही टिकतो.

ओझोनचं पिकांशी वैर हा विषय मुळात पिकांमुळेच उघड झाला. १९४४ च्या सुमारास लॉस एंजेलिसभोवतीच्या मळ्यांत पालेभाज्यांची पानं विचित्र डागाळू लागली. शेतकऱ्यांनी ओरड केली, रोग सापडेना. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अननसाच्या वासावर काम करणारे डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट त्यात पडले आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी दाखवून दिलं की गाड्यांचा धूर आणि ऊन मिळून हे धुरकं आणि त्यातला ओझोन तयार होतो. पुढं तंबाखूची पाळी आली. अमेरिकेतल्या तंबाखूच्या पानांवर बारीक पांढुरके ठिपके पडत. शेतकरी त्याला 'हवामानाचे डाग' म्हणत. १९५९ मध्ये त्यांचं कारण ओझोन असल्याचं सिद्ध झालं आणि त्यातूनच बेल-डब्ल्यू ३ ही तंबाखूची अतिसंवेदनशील जात ओझोन ओळखण्याचं जिवंत साधन म्हणून जगभर गेली. निपाणी इथून तासाभराच्या रस्त्यावर आहे. तंबाखूचं पान पारखण्यात ज्यांचं आयुष्य गेलं अशी माणसं या पट्ट्यात घरोघरी आहेत. ठिपक्यांची ही कथा त्यांना कुणी सांगितली असती तर त्यांनीच ती पुढं नेली असती.

ओझोन पानात शिरतो तो पर्णरंध्रांतून. म्हणून एक उफराटी गोष्ट घडते. तहानलेलं पीक रंध्रं मिटून घेतं आणि ओझोनपासून काहीसं वाचतं. पोटभर पाणी दिलेलं, टवटवीत पीक रंध्रं उघडी ठेवतं आणि जास्त ओझोन पितं. नुकसान डोळ्यांना दिसतंच असं नाही. जुन्या पानांच्या वरच्या अंगाला, शिरांच्या मधल्या भागात बारीक तपकिरी ठिपके, पानं वेळेआधी पिवळी पडणं, दाणा थोडा बारीक राहणं. शेतकरी त्याला करपा म्हणतो, कृषी सेवा केंद्रवाला मॅग्नेशियमची कमतरता म्हणतो आणि एक बाटली हातात ठेवतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हिशोब मांडला: २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. दारिद्र्यरेषेखालच्या नऊ कोटी चाळीस लाख माणसांना पुरलं असतं एवढं हे धान्य. गहू आणि सोयाबीन ही सर्वांत हळवी पिकं. भात त्या मानानं सोशीक.

भुदरगडात याचं वेळापत्रक कसं बसतं? जून ते सप्टेंबर ढग, पाऊस आणि समुद्रावरून आलेली स्वच्छ हवा. ओझोन वर्षातला सर्वांत कमी. सोयाबीनचं बालपण सुखात जातं. पण शेंगा भरतात, भात निसवतो, तेव्हा पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन तापू लागलेलं असतं. मग थंडी: पूर्वेचा वारा, गळीत हंगाम, पाचटाच्या आगी, आणि रानात गहू-हरभरा. मार्चपासून ऊन आणि वणवे, रानात उन्हाळी भुईमूग. या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जोहरापूर या खेड्यात काही वर्षं ओझोन मोजला, तेव्हाही उन्हाळ्यात जास्त आणि पावसाळ्यात कमी असाच आलेख निघाला. महाराष्ट्रातल्या खेड्यात बसून केलेल्या अशा मोजण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यामुळे जोहरापूरचं नाव मला एखाद्या तीर्थक्षेत्रासारखं वाटतं.

पाटगावबद्दल एक परिच्छेद मला राहवत नाही म्हणून. मधाचं गाव म्हणून ते आता ओळखलं जातं. मधमाशी फुलापर्यंत वासाच्या मागावर येते आणि ओझोन नेमका वासाच्या रेणूंना तोडतो. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या गटानं २०२२ मध्ये उघड्या शेतात मोहरीभोवती डिझेलचा धूर आणि ओझोन सोडून पाहिला. तोही कायद्यानं चालतो त्याहून कमी प्रमाणात. फुलांवर येणारे कीटक ६२ ते ७० टक्क्यांनी घटले. पाटगावच्या जंगलात असं काही घडतं आहे असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही, पण मधपेट्यांवर सरकारी पैसा खर्च होत असताना माशीच्या वाटेवरच्या हवेकडेही कुणीतरी पाहावं.

पाहायचं कुणी, हा मात्र प्रश्न आहे. १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेनं देशात ओझोनची मर्यादा ठरली: आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, तासाची १८०. मर्यादा शहर-खेडं असा भेद करत नाही. यंत्रं करतात, ओझोन सतत मोजणारी यंत्रं बहुतेक शहरांत आहेत. २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला, त्याच्या यादीत कोल्हापूर आणि सांगली दोन्ही आहेत, पण त्या कार्यक्रमाचं लक्ष्य धूलिकण आहेत. रस्त्यावर पाणी मारून धूळ बसते, ओझोन बसत नाही. ओझोनचा प्रश्न जिल्ह्याच्या, निदान खोऱ्याच्या पातळीवरच सुटू शकतो: कागलचे कारखाने, कोल्हापूरची वाहतूक, बिद्रीचा हंगाम आणि भुदरगडचं पाचट यांना एका टेबलावर बसवून. महापालिकेच्या हद्दीत कोंबलेली योजना इथं अपुरी पडणार.

तोवर गावाला हातावर हात धरून बसायचं कारण नाही. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी १९५२ मध्ये गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं केलं ते ग्रामीण शिक्षण ग्रामीण प्रश्नांना जोडायचं म्हणून. या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण त्या विचाराला धरून आठवी-नववीच्या मुलांसाठी लिहिलं आहे आणि त्यातला पहिला प्रयोग ओझोनच्या शोधाइतकाच जुना आहे. १८३९-४० मध्ये बाझेलच्या ख्रिश्चन शोनबाइन यांनी ओझोन ओळखला तो वासावरून, आणि मग तो हुडकायला पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेला कागद वापरला. शंभर मिलिलिटर पाण्यात एक चमचा मक्याचं पीठ उकळून खळ करायची, खाली उतरवून त्यात चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड ढवळायचं, गाळण कागदाला लावून तो अंधारात वाळवायचा. एक पट्टी सकाळी सात ते अकरा आणि दुसरी दुपारी बारा ते चार, एकाच जागी, सावलीत टांगायची आणि काढल्यावर शुद्ध पाण्यात बुडवून जांभळी छटा ताडून पाहायची. जागा रस्त्यापासून दूर घ्यावी, कारण गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइडही कागद रंगवतो. पावसाळ्यात हा प्रयोग करू नये, हवेतल्या ओलीनं रंग फसवा येतो. फेब्रुवारी-मार्च सर्वांत चांगला. तेव्हा परीक्षा असतात हे मला ठाऊक आहे, पण ओझोनचं वेळापत्रक मंडळानं लावलेलं नाही.